एका बॉक्सवर दोन टीव्ही

प्रिय वरचे,

फाडायचं असेल तर हे पत्र खुशाल फाड, पण वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडून बघत नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून दोरीला बांधून तू मला चिठ्ठ्या सोडायचीस, त्यानंतर आपण एकमेकींना काही लिहिलंच नाही बहुतेक. वर राहायचीस म्हणून तू वरची आणि खाली राहायची म्हणून मी खालची. आपली खरी नावं घरात फक्त ताप आला की निघायची. काकांना सांभाळायला तू ठेवलेल्या मावशींकडून कळलं, की रविवारी तू गाडी घेऊन येणार आहेस आणि काकांना तुझ्याकडे नेणार आहेस, कायमचं. तुझे वडील आहेत, तुझा हक्क आहे, मी काही गाडीला आडवी पडणार नाही. पण त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवण्याआधी काही गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. आणि त्या सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही, कारण एका म्हाताऱ्याला बोलता येत नाही आणि दुसरा, म्हणजे माझे बाबा, बोलत नाही.

आधी काकांची खुशाली. उजवा हात अजून तसाच आहे, मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. पातळ केलेलं जेवण डाव्या हाताने, सांडत का होईना, स्वतः खातात. मावशी भरवायला गेल्या की तोंड मिटून घेतात. म्हणजे हट्ट शाबूत आहे, काळजी नसावी. डोळ्यांत ओळख पूर्ण आहे. बोलणं मात्र परत आलेलं नाही. मावशी चांगल्या आहेत, तू सांगितलेलं सगळं तंतोतंत पाळतात. औषधं वेळेवर, कूस बदलणं वेळेवर, टाचेला जखम होऊ नये म्हणून पायाखाली उशी, आणि खालच्या कुणालाही वर सोडायचं नाही. हे शेवटचं त्यांनी मला सांगितलं तेव्हा बिचाऱ्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. बाबांना मी हे सांगितलं नाही, पण जिन्यात उभ्या राहून मावशी माझ्याशी हळू आवाजात बोलतात एवढ्यावरून ते काय ते समजले. उंटावरून शेळ्या हाकतेस असं तेव्हा मी रागाने मनात म्हणाले होते खरं. आता म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हाकल्या असत्या.

तू लग्न होऊन गेलीस त्यानंतरचं बरंचसं तुला माहीत नाही. दोघांचं टीव्हीदुरुस्तीचं दुकान बंद पडलं हे माहीत आहे, का पडलं हे तुला काकांनी त्यांच्या बाजूने सांगितलं असेल. माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते एवढंच. एका गिऱ्हाइकाने भला मोठा जुना टीव्ही हातगाडीवर घालून आणला होता. बाबांनी मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि म्हणाले, होईल. काका काउंटरवरून न उठता म्हणाले, टाकून द्या साहेब, आता चपटे आलेत. गिऱ्हाइकासमोर. दोन भावांच्या दुकानात एकाने होईल म्हटल्यावर दुसऱ्याने नाही म्हणणं, हे आपल्या धंद्यात तोंडात मारण्यासारखंच. काकांना नव्या टीव्हीची एजन्सी घ्यायची होती, बाबांना शेवटच्या पिक्चर ट्यूबपर्यंत दुरुस्ती करायची होती. ती ठिणगी त्या दिवशी पडली. गिऱ्हाईक टीव्ही तिथेच टाकून गेलं. वाटण्या झाल्या, दुकानाची पाटी उतरली, एजन्सी काही मिळाली नाही, आणि दोघे सख्खे भाऊ एकाच घरात, एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली, मुके होऊन राहायला लागले. बाबांनी तो टाकलेला टीव्ही घरी आणून दुरुस्त केला. आमच्या बैठकीत आज चालतो तो तोच. गंमत म्हणजे, टाकून द्या म्हणणाऱ्या काकांनीही वर स्वतःसाठी ट्यूबवालाच जुना टीव्ही ठेवला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही एकच होता.

मग अँटेनावरून येणारं जुनं प्रक्षेपण बंद झालं. आधी महिनाभर पडद्याखाली पट्टी फिरत होती, की अमुक तारखेनंतर चित्र डिजिटल येईल, जुन्या टीव्हीला बॉक्स लावा. बाबांनी ती पट्टी वैऱ्याकडे बघावं तशी बघितली. त्या दिवशी सकाळी बटण फिरवलं तर सगळीकडे मुंग्या. आवाजही तसाच, खरखर. मी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून येताना एक बॉक्स विकत आणला, तर बाबांनी तो उघडलासुद्धा नाही, त्याच्यावर चष्मा काढून ठेवला. टीव्ही मात्र रोज लावायचे. मुंग्या बघत बसायचे आणि मधूनमधून एकेक नंबर फिरवायचे. आई गेल्यापासून असं बसणं मी पाहिलं नव्हतं, मला भीतीच वाटायला लागली. आणि एक दिवस दुकानातून आले तर बाबा ताठ बसलेले, पडद्यावर स्वच्छ चित्र, तीन नंबरवर बातम्या. बॉक्स तसाच बंद, वर चष्मा.

मला वाटलं, काहीतरी चमत्कार. बाबांनी मला खिडकीतून वर जाणारी वायर दाखवली. गच्चीवरच्या अँटेनाची वायर आधी काकांच्या खोलीत उतरते, तिथे एका छोट्या डबीत तिचे दोन फाटे होतात, एक काकांच्या टीव्हीला आणि दुसरा खिडकीतून आमच्याकडे. ही जोडणी दोघांनी मिळूनच केलेली, आपण शाळेत होतो तेव्हाची. आता बॉक्स लावायचा तर माणूस आपल्या फाट्यावर लावेल. स्वतःला चित्र आणि खालच्याला मुंग्या. काकांनी तो फाटे फुटायच्या आधीच लावला होता. म्हणजे बॉक्समधून निघालेलं चित्र डबीतून दोन्ही टीव्हींना मिळणार, दोघांनीही तीन नंबरवर राहायचं. मी म्हटलं, चुकून लागला असेल. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी चहा करायला आत गेले. उभा जन्म टीव्हीच्या वायरींत गेलेल्या माणसाच्या हातून ही चूक होत नाही, वरचे. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला काकांनी टीव्ही दिला होता. आणि बाबांनी तो घेतला होता, स्वतःचा बॉक्स कपाटात टाकून.

अडचण फक्त एक. बॉक्स एक, रिमोट एक, आणि तो वर. काका जे बघतील तेच बाबांनी बघायचं. काकांना बातम्या, आणि त्यातही चार माणसं एकमेकांवर ओरडतात त्या. बाबांना जंगलं, वाघ, हत्तीची पिल्लं. पहिल्याच आठवड्यात कंटाळून बाबांनी काठी घेतली आणि छताला एकदा ठोकली. वरून एक टाच आपटल्याचा आवाज आला, धप्प, आणि बातम्या तशाच. बाबा खवळले. पुन्हा काठी. मग बऱ्याच वेळाने धप्प, धप्प, आणि पडद्यावर वाघ. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. खालून काठी म्हणजे बदल. वरून एक टाच म्हणजे नाही बदलत, दोन टाचा म्हणजे बरं. घरात शब्द नव्हता, पण दिवसभर ही ठोकाठोकी. काका तरी इतके खट, की वाघ हरणावर झेप घेणार तेवढ्यात बातम्या लावायचे आणि मिनिटभराने परत वाघ. तोवर हरणाचं काय झालं ते कळायचं नाही. बाबा चिडून लाल व्हायचे आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. हे तुला मी तेव्हाच सांगायला हवं होतं गं, पण मला वाटलं, कुणाला सांगितलं की हे मोडेल. दोघेही लाजून बंद करतील.

आता त्या दिवसाबद्दल. तुला मी फोनवर सांगितलं ते घाईघाईत आणि रडत सांगितलं होतं, म्हणून परत लिहिते. दुपार उलटून गेल्यावर दुकानात मला बाबांचा फोन आला. बाबा फोन करत नाहीत हे तुला माहीत आहे, त्यांना फोनची बटणं दिसत नाहीत. ते म्हणाले, "ये. तो खाली पडलाय." तो म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. मी ॲम्ब्युलन्सला फोन करत, जवळजवळ पळत घरी आले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे अंगणातला नळसुद्धा न गाठणारे बाबा वर पोचलेले होते. काकांच्या दाराची जादा किल्ली मीटरच्या पेटीमागे खिळ्याला असते, आपल्या लहानपणापासून. इतक्या वर्षांच्या भांडणात काकांनी ती हलवली नव्हती आणि बाबाही ती जागा विसरले नव्हते. काका खाट आणि टीव्ही यांच्या मधे फरशीवर होते, डोळे उघडे, रिमोट खाटेखाली गेलेला. बाबा फरशीवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होते. दोघांच्याही डोक्यावर टीव्हीत मुंग्या चालल्या होत्या.

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, झटका येऊन बरेच तास झालेत, लवकर आणलं असतं तर बोलणं कदाचित वाचलं असतं. तू प्रवासातून तशीच आलीस आणि दवाखान्याच्या बोळात बाबांसमोर उभी राहिलीस. खाली काहीच ऐकू आलं नाही का, असं तू विचारलंस. एवढा मोठा माणूस डोक्यावर पडला आणि काहीच ऐकू आलं नाही? बाबा म्हणाले, नाही. एवढंच. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस, आणि तेव्हाच तू ठरवलंस हे मला कळलं, कारण लहानपणी कट्टी करताना तुझी हनुवटी अशीच वर जायची. मला तुझा राग आला होता. म्हाताऱ्या माणसाला असं विचारतात का, त्यांचे कान आता पूर्वीचे राहिलेत का, असं मी मनात म्हणत होते. मी बाबांवर विश्वास ठेवला. तू ठेवला नाहीस. वरचे, बरोबर तू होतीस.

मला हे कळलं ते काका घरी आल्यानंतर. पहिले काही दिवस रिमोट मावशींकडे होता, त्यामुळे वर-खाली दोन्हीकडे सासू-सुनांच्या मालिका. एरवी बाबांनी छत फोडलं असतं. पण ते काठी भिंतीला टेकवून सुनांची रडारड बघत बसायचे. एका दुपारी मालिका मधेच तुटली आणि पडद्यावर वाघ आले. मी घरी होते, सुट्टी होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मावशी काही वाघ लावणार नाहीत. रिमोट काकांच्या डाव्या हातात आला होता. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवसापासून वाघ गेलेच नाहीत. सकाळी वाघ, दुपारी वाघ, बातम्या नाहीतच. बाबा ते बघून खुलतील असं मला वाटलं होतं, तर त्यांचं जेवणच कमी झालं. मग एके दिवशी त्यांनी काठी उचलली आणि छताला ठोकली. बदल म्हणून. वाघ चालू असताना. वरून काही आलं नाही, एक नाही की दोन नाही. वाघ तसेच. ते पुन्हा ठोकत राहिले, शेवटी मी काठी धरली. म्हणाले, "तो माझ्यासाठी लावून ठेवतोय गं. त्याला म्हणावं, नको लावूस. मी ऐकलं होतं."

काका पडले त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी नेहमीसारखी काठी ठोकली होती, हत्तींचा कार्यक्रम लागणार होता म्हणून. आणि वरून धप्प आवाज आला. एकदा. जरा जोरात आला, पण काका रागात असले की जोरात आपटायचे. एक टाच. नाही बदलत. बाबा म्हणाले, बरं बाबा, नको बदलूस, बघू कोण आधी कंटाळतं ते. आणि हट्टाने, दुसऱ्यांदा काठी न ठोकता, ते ओरडणाऱ्या माणसांच्या बातम्या बघत बसले. अख्खी दुपार. मनातल्या मनात भावाला शिव्या घालत, की आज याला भलताच माज आलाय, मिनिटभरही वाघ दाखवत नाही. आणि भाऊ त्यांच्या बरोबर डोक्यावर फरशीवर पडलेला. वरचे, दुसऱ्या कुठल्याही घरात तो आवाज ऐकून माणूस उठून पळाला असता. आमच्या घरात तो आवाज म्हणजे उत्तर होतं.

त्या बॉक्सची एक खोड आहे. बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही, की पडद्यावर पाटी येते, सुरू ठेवायचं असेल तर कोणतंही बटण दाबा, नाहीतर बंद होईल. ती पाटी आमच्याकडेही दिसते, पण आमच्याकडे बटण नाही. काकांना ती पाटी मुळीच सहन होत नाही, आली रे आली की दाबून टाकतात. त्या दिवशी ती आली आणि तशीच राहिली. बाबा म्हणतात, आधी मला बरं वाटलं, झोपलाय वाटतं, हरला. मग पाटी जाईना. तिच्यात आकडे उलटे चालले होते. बाबांनी काठी ठोकली. काही नाही. पुन्हा ठोकली. आकडे संपले, चित्र गेलं आणि मुंग्या आल्या. तेव्हा त्यांना तो दुपारचा आवाज परत ऐकू आला आणि कळलं, की ती टाच नव्हती. पुढे जिना कसा चढलो ते आठवत नाही म्हणतात. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा हे सगळं त्यांच्या तोंडात होतं. पण ऐकलं असं म्हटलं असतं, तर पुढे तू विचारणार, मग गेला का नाहीत? याचं उत्तर त्या बोळात उभं राहून कुणाला सांगता आलं असतं? म्हणून त्यांनी नाही म्हटलं. हे बरोबर केलं असं मी म्हणत नाही. तेही म्हणत नाहीत.

परवा मी त्यांना वर घेऊन गेले. मावशींवर रागावू नकोस, मी त्यांना बाजूला केलं असं समज. एकेक पायरी चढत, कठड्याला धरून बाबा वर आले. दारात उभे राहून त्यांनी काकांकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य. तेही काकांशी नाहीच, मावशींशी. "त्याच्या पायाखालची ती उशी काढा आधी." मावशी गोंधळल्या, म्हणाल्या, दवाखान्यातच सांगितलंय, उगाच पाय आपटतात, टाचेला जखम होईल. बाबांनी स्वतः वाकून उशी काढली आणि खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, काही न वगळता. काठी मी ठोकली होती. तुझा आवाज मी ऐकला. मला वाटलं, तू नाही म्हणालास. मी रागाने बसून राहिलो. काका त्यांच्याकडे एकटक बघत होते, त्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बाबा बोलायचे थांबले. खोलीत वाघाचा कार्यक्रम चालू होता, पण कुणी तिकडे बघत नव्हतं. मग काकांचा डावा पाय हलला आणि टाच खाटेच्या लाकडी पट्टीवर आपटली. एकदा. आम्ही थांबलो. पुढे काही नाही. पाय तसाच पडून राहिला. एकदा म्हणजे नाही. बाबांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. मी त्यांचा दंड धरला. मला रडू येत होतं आणि काकांचा रागही येत होता, हे दोन्ही एकदम होतं आपल्या घरात. आम्ही दारापर्यंत पोचलो, बाबांनी उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि मागून दुसऱ्यांदा टाच वाजली. आम्ही वळलो तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता. त्या एका टाचेसाठी त्यांनी एवढा वेळ जोर लावला होता. मग डावा हात हळूहळू रिमोटवर सरकला, वाघ गेले आणि बातम्या लागल्या. बाबा दारात उभे राहून हसले आणि मग भिंतीला टेकून रडले. मी त्यांना तसं रडताना आई गेली तेव्हाच पाहिलं होतं.

खाली आल्यावर मी म्हटलं, बाबा, विचारायचं होतं ना त्यांना, इथे राहायचंय की मुलीकडे जायचंय ते. खाट आपल्याकडे खाली आणली तर जिन्याची कटकट नाही, मी आहे, मावशी आहेत. माझी तर तीच इच्छा आहे, तुझ्यापासून कशाला लपवू. बाबा म्हणाले, ते मी विचारणार नाही, ते त्याच्या मुलीने विचारायचं, तू तिला फक्त कसं विचारायचं ते लिहून कळव. तर त्यासाठी हे एवढं लिहिलं, वरचे. दवाखान्यात तू काकांच्या कानाशी वाकून म्हणाली होतीस, मी तुम्हाला माझ्याकडे घेऊन जाते हं. तेव्हा त्यांची टाच पलंगाच्या कडेवर एकदा आपटली होती. मी तिथेच उभी होते. नर्सने उशी आणून ठेवली, पाय झाकला, आणि आपण बोळात जाऊन डॉक्टरांशी बोलत बसलो. ती टाच नाही म्हणत होती, की दुसरी टाच यायची राहिली होती आणि वर उशी आली, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून रविवारी ये. गाडी घेऊन ये, त्यांचे कपडे मी धुऊन, घडी घालून ठेवते. बाबांशी बोल किंवा बोलू नकोस, ते खालीच बसलेले असतील, टीव्ही बंद करून. पायाखालची उशी काढ, काकांना तूच विचार, आणि एक टाच वाजली की लगेच उठू नकोस. दुसरी यायला आता फार वेळ लागतो.

वाट बघणारी, तुझीच
खालची